नीलाक्का यात्रेला गेली नव्हती

परवा एका बारशाला गेले होते. घुगऱ्या वाटून झाल्यावर जुन्या गल्लीच्या गोष्टी निघाल्या आणि एक बाई मला म्हणाली, "आजी, तुमच्या गल्लीतली ती मास्तरीण, एकटी काशीयात्रेला गेलेली, ती कोण हो?" मी हातातला द्रोण खाली ठेवला. त्या बाईचा दोष नाही, तिनं ऐकलं तसं विचारलं. पण माझं डोकं असं तापलं की घुगऱ्या तिथंच राहिल्या. ज्या एका शब्दाला नाही म्हणण्यापायी नीलाक्कानं नोकरी घालवली, राहती खोली घालवली, दिराशी जन्माचं वैर घेतलं, तोच शब्द लोकांनी शेवटी तिच्या नावाला चिकटवला. म्हणून लिहायला बसले. मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं शिकले ती वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, आणि रागानंच लिहिणार. नीलाक्काबद्दल कुणी गोडगोड लिहिलेलं तिला स्वतःला खपलं नसतं.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि सोलापूर गिरणीच्या भोंग्यावर उठायचं-झोपायचं. माझं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. नवरा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. लग्न होऊन आले ती सासूबाईंच्या हाताखाली एका खोलीत, आणि आमच्या खोलीला लागून नीलाक्काची खोली. मधली भिंत इतकी पातळ की ती पलीकडं शिंकली तर सासूबाई इकडून "शतायुषी हो" म्हणायच्या. नीलाक्का लिंगायताची. उंच, सावळी, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगावर इरकली लुगडं. नवरा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, तेव्हा तिला नीट पदरही सावरता येत नव्हता म्हणे. बापानं तिला पुण्याला पाठवून शिकवली आणि ती मुलींच्या शाळेत भूगोलाची बाई झाली. नवी पेठेत तिच्या थोरल्या दिराचं, मल्लप्पाचं, लुगड्यांचं दुकान होतं. पण ती दिराच्या घरी राहिली नाही. त्या घरात खिडकी एकच होती आणि तीही भिंतीकडं उघडायची, एवढंच ती सांगायची.

नीलाक्का सदा रागावलेली. पण तिचा राग वेगळ्या घडणीचा. बाकीच्या बाया चिडल्या की आवाज चढायचा, हिचा खाली जायचा. आवाज अगदी तळाला गेला की समजायचं, आता समोरच्याचं काही खरं नाही. मग ती घरात जाऊन भाकरी थापायला बसायची. तो थापांचा आवाज ऐकून सासूबाई मला म्हणायच्या, "आज कुणाचं तरी थोबाड थापतीया बघ." आणि राग तरी कशाकशाचा यावा? मुलीला 'परक्याचं धन' म्हटलं की राग. मुलींना भूगोल कशाला, त्यांना चुलीची दिशा कळली की झालं, असं शाळेच्या कमिटीतलं कुणी हसत हसत म्हणालं की राग. आणि सगळ्यांत जास्त राग 'कशाला' या शब्दाचा. "मी कुठं जाणार ते विचारा, कसं जाणार ते विचारा. कशाला ते विचारू नका," असं ती म्हणायची. कारण ती जाणार होती. कित्येक वर्षं ती जाणारच होती.

तिच्या आतल्या भिंतीवर हिंदुस्थान होता. शाळेतला नकाशा घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून हिनं भिंतच घेतली. सीमा गेरूनं, नद्या कपड्याच्या निळीनं, डोंगर तव्याच्या काजळीनं, आणि राजपुतान्याचं वाळवंट हळदीनं. दिवाळीला घरमालक चुना मारून घ्यायचा की हिंदुस्थान जायचा. पाडव्याला ती शिडी लावून तो परत काढायची, आणि दर साली थोडा वेगळा व्हायचा. एका वर्षी हिमालय आढ्याला जाऊन टेकला. सासूबाई पहिल्यांदा बघायला गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "आपलं सोलापूर कुटं हाय?" नीलाक्कानं चुन्याचा ठिपका दाखवला. सासूबाई कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडं बघत राहिल्या. "एवढंच? मग त्यात गिरणी कुटं बसवायची?" नीलाक्का त्या दिवशी हसली. तिला हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं, म्हणून ध्यानात आहे.

त्या भिंतीवरच तिचा बेत शिजायचा. दौंड, मनमाडवरून जबलपूर, तिथं नर्मदा उंचावरून कोसळते आणि पांढऱ्या दगडांच्या भिंतींमधून जाते ती बघायची. मग आग्रा, दिल्ली. मग जयपूर, चितोडचा किल्ला, वाटेत वाळवंट. आणि जमलं तर एकदा बर्फ. बर्फाची चौकशी ती गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या हवालदारचाचांकडं करायची. ते पलटणीत पेशावरपर्यंत जाऊन आलेले. "हौ बाई," ते म्हणायचे, "बरफ कू हाथ लगाए तो चटका बैठता." नीलाक्काला ते पटायचं नाही. थंड वस्तूचा चटका बसतो हे स्वतः हात लावून बघितल्याशिवाय मुलींना शिकवणार नाही, असं तिनं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. सुट्टी मिळते मे महिन्यात, तेव्हा राजपुतान्यात आगीत पाऊल टाकल्यासारखं होईल, असं कुणी म्हटलं तर ती नुसती डोक्यावरच्या तापलेल्या पत्र्याकडं बोट करायची. सोलापूरच्या बाईला उन्हाची भीती घालतो तो मूर्ख. आणि शिदोरी म्हणून कडक भाकऱ्या. त्या किती टिकतात हे बघायला ती फडक्यात बांधून आढ्याला टांगायची आणि महिन्यानं काढून कुडुम्‌कुडुम् खायची. मलाही द्यायची. चांगल्या लागायच्या हो.

दर साली काही ना काही आडवं यायचं. कधी प्लेग, कधी शहरात दंगा, कधी शाळेचं कारण. अखेर एका वर्षी ठरलं. सुट्टी थोडी वाढवून मागायची होती, म्हणून तिनं शाळेत अर्ज केला, आणि कारणात लिहिलं, देश बघणे. कारकून म्हणाला, असं कारण नसतं. आजारपण असतं, लग्नकार्य असतं, तीर्थयात्रा असते. यात्रा लिहा, लगेच सही होईल. हिनं लिहिलं नाही. कमिटीनं अर्ज तसाच ठेवला आणि परत आल्यावर बघू म्हणून सांगितलं.

ही बातमी मल्लप्पाला लागली आणि तो संध्याकाळी गल्लीत आला. दोघं कन्नडात भांडायला लागली. आमच्याकडं भिंतीला कान लावून बसलेल्यांना त्यातलं काही कळेना, नुसती गावांची नावं कानावर यायची. त्याच्या तोंडून काशी, हिच्या तोंडून आग्रा. परत काशी, परत चितोड. सासूबाई म्हणाल्या, "काय ठेसन मास्तर झाल्यात का दोघं?" तेवढ्यात नीलाक्का दार उघडून बाहेर अंगणात आली आणि तिनं मुद्दाम मराठी धरली, गल्लीनं ऐकावं म्हणून. मल्लप्पालाही मग मराठीतच बोलावं लागलं. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आज म्हणते. तेव्हा मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

तो म्हणाला, "जबलपूरपासून काशी फार लांब नाही. तुला त्या बाजूलाच जायचंय. सोबत मी बघून देतो, खर्च मी करतो. बाईमाणूस देवापायी गेलं तर लोक पाया पडतात. नुसतं बघायला गेलं तर काय म्हणतील? घराण्याचं नाव आहे."

नीलाक्काचा आवाज तळाला गेला. तिनं पदरावरून गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "भावजी, देव माझ्या गळ्यात आहे. तुमच्याही गळ्यात आहे. तो काशीला राहायला गेलेला नाही. मग त्याला भेटायला मी गाडीभाडं कशाला भरू? मला किल्ला बघायचाय. नदी बघायचीय. त्यात मी काही चोरी करत नाही, तर चोरासारखं नाव कशाला बदलू?"

मल्लप्पा चप्पल घालून गेला. सासूबाईंनी तिला आमच्या उंबऱ्यावर बसवलं, चहा दिला आणि हळूच म्हणाल्या, "नीले, म्हण की काशीला चाललीया. तोंडानं म्हणायला काय लागतंय? म्हण, आन जा की कुटं जायचं तितं."

"अव्वा, आज मी काशीचं नाव घेऊन आग्र्याला गेले, तर उद्या या गल्लीतल्या पोरीला पुण्याला शिकायला जायलासुद्धा देवाचं नाव पुढं करावं लागेल. तुमच्या नातीलासुद्धा."

माझी थोरली तेव्हा रांगत होती. सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं आणि तिला उचलून मांडीवर घेतलं.

आणि आता ऐका गल्लीचा प्रताप. निघायच्या दिवशी नीलाक्का ट्रंक आणि वळकटी घेऊन दार लावते, तर बाहेर टाळ-मृदंग. भजनी मंडळ, नारळ, बुक्का, हार. गल्लीनं आपसात ठरवून टाकलं होतं की नीलाक्का मास्तरीण काशीला चालली. इतक्या लांब बाई जाते म्हणजे काशीलाच जात असणार, दुसरं कुठं जायचं असतं? ती म्हणाली, "मी काशीला चाललेली नाही." भजनी बुवा डोळे मिटून म्हणाले, "असंच लीन असावं माणसानं." तिनं गळ्यातला हार काढला, टांग्याच्या घोड्याच्या गळ्यात घातला आणि ट्रंक वर चढवली. पण लोक सोडतील तर शपथ. एकेकानं पदराआडून गाडगी काढली, कापडात बांधलेली. कुणाचा सासरा, कुणाची आई. कडुलिंबाला टांगून ठेवलेल्या अस्थी, काशीला जाणाऱ्याची वाट बघत. अहो, जिच्या जातीत माणसाला बसवून पुरतात, तिच्याच ट्रंकेवर बाकीच्या जातींनी आपली राख आणून ठेवली. नीलाक्कानं एकेक गाडगं ज्याच्या त्याच्या हातात परत दिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं ही आता भाकऱ्या थापायला परत घरात जाणार.

सगळ्यांच्या मागं सखू उभी होती. गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यातली. नवरा तापानं गेलेला, आणि तिचं म्हणून काशीला जाईल असं त्रिभुवनात कुणी नव्हतं. तिनं गाडगं पुढं केलं नाही, पोटाशी धरून विचारलं, "अक्का, तू गंगेला न्हाई चालली म्हणतीस. मग कुटल्या नदीला चाललीस?"

"नर्मदेला."

"ती चांगली हाय का?"

नीलाक्का टांग्यावर चढता चढता थांबली. गल्लीत त्या दिवशी हा एकच माणूस निघाला ज्यानं तिला नदीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मोठी आहे. उंचावरून पडते म्हणतात. मी अजून बघितलेली नाही."

"मग तितं सोड त्यांला."

"मी मंत्रबिंत्र म्हणणार नाही, सखू."

"त्यांलाबी न्हवतं येत."

नीलाक्कानं ते गाडगं घेतलं आणि मांडीवर ठेवलं. टांगा हलला. मागं भजन चालूच.

ती परत आली तेव्हा शाळा सुरू होऊन दिवस झाले होते. काळी ठिक्कर पडलेली, एका वहाणेचा अंगठा सुतळीनं बांधलेला. तिच्या दारात गल्ली जमली, कारण मल्लप्पानं आधीच सगळीकडं सांगून ठेवलं होतं की भावजय आल्यावर मावंदं होणार. काशीहून आल्यावर गंगापूजन करून गावजेवण घालतात ते. त्यानं आचारीसुद्धा सांगितले होते. एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, गंगा कशी होती गं? नीलाक्का म्हणाली, मी गंगा बघितली नाही, यमुना बघितली. म्हातारीला वाटलं प्रवासानं हिचं डोकं फिरलं. एकेक जण उठून गेला. चितोडला काय बघितलं, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. तर म्हणाली, "तिथला वाटाड्या बायका जळाल्या ती जागा दाखवतो आणि छाती फुगवून सांगतो. मी त्याला म्हटलं, जळणाऱ्यांची नावं सांग. त्याला एकही येत नव्हतं. राजांची सगळी येत होती." हे सांगताना तिचा आवाज पार तळाला होता. मी ते विसरले नाही. आजही कुणी शौर्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मला नावं विचारावीशी वाटतात.

सखू मात्र गिरणीतली पाळी संपवून आली, केसांत कापूस तसाच. नीलाक्कानं तिला भिंतीजवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. होडीवाल्यानं वल्हं कसं थांबवलं, दोन्ही बाजूंचे पांढरे कडे, पाणी हिरवं आणि इतकं गप्प की गाडगं सोडल्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला. सखूनं एकच विचारलं, तितं मासं हायत का? आहेत म्हटल्यावर तिला बरं वाटलं. त्याला मासे आवडायचे म्हणे.

मग शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ आले. जरीचं उपरणं, हातात छत्री, बोलणं लोण्यासारखं. मल्लप्पा त्यांना भेटून आला होता हे न सांगताच कळत होतं. ते म्हणाले, बाई, तुमच्या शिकवण्याबद्दल तक्रार नाही. पण विधवा बाई परमुलखात एकटी नुसती फिरून आली, असं म्हणून चालणार नाही, मुलींचे बाप विचारतात. मावंदं घाला, चार घरी प्रसाद वाटा. रजा यात्रेत बसवतो. सोमवारपर्यंत कळवा. इतकं सोपं. त्यांनी जाताना माझ्या मुलीच्या गालाला हात लावला, तर मी तिला आत ओढून घेतलं. मला अजून वाटतं, दोन शब्द तोंडावर बोलायला हवे होते त्या माणसाला. भूगोल शिकवणाऱ्या बाईनं भूगोल बघितला, हा गुन्हा. आणि त्यावर खोटं बोलली असती, तर पुण्यवान.

रविवारी सासूबाईंनी देव्हाऱ्यामागून आपला गडू काढला. तांब्याचा, लाखेनं तोंड बंद केलेला. त्यांच्या दादल्याच्या काकानं कधीकाळी आणलेलं गंगेचं पाणी, सासूबाईंच्या स्वतःच्या अखेरच्या घोटासाठी जपलेलं. मला त्याला हात लावायची मुभा नव्हती. तो गडू पदराखाली घेऊन त्या पलीकडं गेल्या, मी मागोमाग. त्यांनी तो नीलाक्कासमोर ठेवला. "हे घे. तूच आणलंस म्हणून सांग. पूजा घाल, जेवाण घाल, आन नोकरी राख. पोरींला तुझ्यावाणी कोण शिकवायचं न्हाय."

मला वाटलं आता थापा ऐकू येणार. पण नीलाक्का जागची उठलीच नाही. गडूवरची धूळ तिनं पदरानं पुसली, तो उचलून सासूबाईंच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या हातांवर आपले हात दाबून धरले.

"अव्वा, हे तुमच्या तोंडात पडायचं पाणी आहे. माझ्या खोट्यात कशाला सांडता?"

त्यात राग नव्हता. म्हणूनच सासूबाई रडल्या. सोमवारी तिनं कळवलं की कळवण्यासारखं काही नाही, आणि नोकरी गेली. चार दिवसांत घरमालक आला, तो मल्लप्पाचं जुनं गिऱ्हाईक. खोली खाली करायला सांगितली, आणि ती अजून आत असतानाच भिंतीला चुना मारायला माणूस पाठवला, दिवाळी कुठंच नसताना. मी भिंतीपलीकडून तो ब्रश फिरताना ऐकत होते. त्या दिवशी आमच्या घरच्या भाकऱ्या मी थापल्या.

पुढं ती जवळच्या कुंभारी गावी एका मैत्रिणीकडं राहिली, शिवणकाम करून. थंडीत एकदा आली आणि म्हणाली, आता सुट्टी मागायची कुणाकडं, तेव्हा बर्फ बघून येते. त्यानंतर ती सोलापुरात परत राहायला आली नाही. कुणी म्हणायचं विजापूरकडं शाळा मिळाली, कुणी म्हणायचं उत्तरेतच राहिली. मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहिणार नाही. बारशातल्या त्या बाईला मी एवढंच सांगितलं की नीलाक्का आग्रा, दिल्ली, चितोड आणि नर्मदा बघून आली होती. तर ती म्हणाली, म्हणजे यात्राच की.

शेवटचं तिला पाहिलं ते स्टेशनात. सासूबाई, सखू आणि मी पोचवायला गेलो होतो. भजन नव्हतं, हार नव्हता. बायकांच्या डब्यात तिला खिडकीजवळ जागा मिळाली, अंगावर हवालदारचाचांची पलटणीतली घोंगडी. समोर एक जाडजूड बाई, मांडीवर पितळेचा डबा. सासूबाई काहीतरी सांगायला खिडकीशी गेल्या, तेवढ्यात त्या बाईनं नीलाक्काला आपुलकीनं विचारलं, "कुठल्या क्षेत्राला चाललात, माउली?"

नीलाक्का तिच्याकडं वळली. पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही, म्हणजे आवाज पार खाली गेलेला असणार. शिट्टी झाली. सासूबाईंनी हात हलवला, सखूनं हलवला, मीही हलवला. नीलाक्काचं लक्षच नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला होता, एक बोट वर होतं, आणि दुसऱ्या हातानं ती डब्याच्या लाकडी भिंतीवर त्या बाईला काहीतरी काढून दाखवत होती. ती बाई डबा घट्ट धरून ऐकत होती. गाडी पुढं सरकली तेव्हा बाईनं उलट काही विचारलं असावं, कारण नीलाक्का उठून तिच्या शेजारी जाऊन बसली, आमच्याकडं पाठ करून.